या खुणा कुणी केल्या

११ जानेवारी

चि. छकुलीस,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. तुझी आई तुझ्याकडे येऊन राहिली त्याला आता महिना होईल. इथे मी एकटा. दूध रोज उतू जातं. ते असो.

काल जावईबापूंचा फोन आला. पैलवानाच्या नव्या तपासणीला तू नाही म्हणालीस, असं ते म्हणाले. का, असं विचारलं तर म्हणे, "ते तुम्हालाच ठाऊक असेल, बाबा." मला कसं ठाऊक असणार? मी काय अंतर्ज्ञानी आहे?

उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे विषय नीट मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आपला पैलवान, माझा नातू, तीन वर्षांचा झाला. उंची पाच वर्षांच्या मुलाएवढी, डोकं मोठं, बोलणं मात्र चार शब्दांचं आणि चाल अजून झुलती. गेल्या वर्षी त्याच्या जनुकांची सगळी अक्षरं वाचून झाली. एका जनुकात एक बदल सापडला. पण तो रोगाचा की निरुपद्रवी, हे कुणाला ठरवता येईना, कारण तोच बदल तुझ्यातही निघाला आणि तू तर धडधाकट. म्हणून डॉक्टरीणबाई आता मिथायलेशनची तपासणी करू म्हणतात. जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात, कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं हे सांगणाऱ्या. त्या खुणा बघायच्या. त्याला लागतं नुसतं थोडं रक्त. हे केलं नाहीस तर पुढची पायरी म्हणजे पोराला भूल देऊन मांडीच्या स्नायूचा तुकडा काढणं. आई असून तू ते पत्करणार?

त्याच्या वाढदिवसाला जे झालं ते झालं. मी एक शास्त्रीय मुद्दा मांडला. मासिकात त्यावर चांगला लेख आला होता. खाणं, धूर, काळजी, कसले कसले वास, या सगळ्यांनी अशा खुणा बदलतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी एवढंच सांगितलं. तू केक तसाच टाकून पोराला उचलून चालू लागलीस, त्याला मी काय करू? मी तुला दोष दिला नाही. तू मनाला लावून घेतलंस. लहानपणापासून तुझं हे असंच.

लाकडाच्या पॉलिशचं दुकान बंद केलंस, असं कळलं. चांगलं केलंस. निदान घरात तो वास तरी येणार नाही.

तपासणीचं मनावर घे. पैलवानाला माझ्याकडून एक धपाटा, प्रेमाचा.

तुझे बाबा

२४ जानेवारी

चि. छकुलीस,

पत्र वाचलंस, पण काही बोलली नाहीस, असं आई म्हणाली. फाडलं नाहीस हेच पुष्कळ.

मी त्या डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. तुला न विचारता गेलो. रागावशील, रागाव. तुझ्या किंवा पोराच्या कागदांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा." मग मी म्हटलं, तपासणीबद्दल तरी बोला, मी शिक्षक आहे, मला समजेल. बाई तुझ्याहून लहान दिसतात. टेबलावर थंड झालेला चहा, बाहेर पोरांची रडारड आणि आत मी. खिशात मासिकातलं कात्रण घेऊन गेलो होतो. वाद घालायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

त्यांनी लेख वाचला. सगळा. मग म्हणाल्या, "काका, यातलं बरंचसं खरं आहे. पण आम्ही जे शोधतो ते हे नाही." मी म्हटलं, खुणा त्या खुणाच ना? तर म्हणाल्या, "शिंप्याच्या कात्रीला खाच पडली, तर त्या कात्रीने कापलेल्या प्रत्येक कापडाच्या कडेला तीच खाच उमटते की नाही? काही जनुकं म्हणजे या खुणा जागेवर ठेवणारी कात्री. त्यातलं एखादं पहिल्या दिवसापासून बिघडलेलं असेल, तर खुणा शेकडो ठिकाणी एकाच ठराविक तऱ्हेने सरकतात. जगात कुठेही जन्मलेल्या, त्याच आजाराच्या मुलाच्या रक्तात तोच नमुना मिळतो. तो नमुना दिसला की आम्ही मागे जाऊन म्हणतो, बिघाड याच जनुकात. आई काय खाते आणि काय हुंगते, याचा तिथे संबंध नाही."

मी सुंभ जळाला तरी पीळ न सोडणारा. विचारलं, समजा गरोदरपणात बाई थिनर, स्पिरिट अशा गोष्टींत काम करत असेल तर? त्या म्हणाल्या, "वाऱ्याशी बसून काम करावं, हातमोजे घालावेत, तेवढं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. पण थिनरच्या वासाने असा नमुना तयार होत नाही." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "का हो? असं कुणी म्हटलंय का त्यांना?"

मी म्हटलं, "घरातल्याच कुणीतरी अर्धवटाने."

कोण, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता तरी तपासणी करून घे. लेखातलं बरंचसं खरं आहे, हे त्यांनीही मान्य केलं, एवढं लक्षात असू दे.

बाबा

५ फेब्रुवारी

छकुले,

मागच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य वाचून तू हसलीस म्हणे. आईने फोनवर सांगितलं. हसलीस, पण कशी, तेही सांगितलं. तू तपासणीला नाही का म्हणतेस, हेही तिने सांगितलं. तुला वाटतंय, त्या रक्ताच्या नळीतून तुझ्याच नावाने निकाल येणार. डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासकट लिहून येणार, की हे आईने केलं.

हे मी तुझ्या डोक्यात घातलं. दुसऱ्या कुणी नाही.

मी "शास्त्रीय मुद्दा" वगैरे लिहिलं होतं ना, ते थोतांड आहे. मी काय बोललो ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. सगळे जमले होते, जावईबापूंनी नव्या तपासणीचं नाव काढलं आणि मला आपली हुशारी दाखवायची हुक्की आली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "नऊ महिने थिनर हुंगत बसलीस, त्याचे डाग पडलेत पोराच्या रक्तावर." हे असंच म्हणालो. तुझ्या सासूबाईंच्या देखत. तुझ्या हातात सुरी होती, केक कापायची, ती तू अगदी हळू खाली ठेवलीस. मी ते पाहिलं आणि तरी पुढे बोलतच राहिलो.

ते खोटं होतं, छकुले. माझं वाचन अर्धवट होतं आणि राग जुना होता. तू कॉलेज सोडून लाकडं घासत बसलीस याचा राग. तो राग मी विज्ञानाच्या तोंडून काढला. पोरांना जन्मभर सांगत आलो, पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नका. स्वतः काय केलं? चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि दुकान बंद केलंस त्यावर मी "चांगलं केलंस" असं लिहिलं. ते वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. घेता येत नाही.

तपासणी करून घे. माझ्यासाठी नको. त्या स्नायूच्या तुकड्यासाठी, तो वाचावा म्हणून. तुला हवं असेल तर मी तुमच्या दाराशीसुद्धा येणार नाही.

बाबा

३ मार्च

छकुले,

हो म्हणालीस. तुझे उपकार मानू की नको, कळत नाही, पण मला हायसं वाटलं. आईने सगळं सांगितलं. पैलवान तुझ्या मांडीवर बसला, सुई टोचली तेव्हा रडला नाही आणि नंतर चिकटपट्टी काढली तेव्हा मात्र सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. शाबास पठ्ठ्या. महिनाभर तरी थांबावं लागेल म्हणतात. परीक्षेच्या निकालाला मुलं जरा घाबरलेलीच बरी, असं मी म्हणायचो. आता माझी जिरली.

काल तुझ्या दुकानावरून गेलो. मुद्दामच गेलो, सहज नव्हे. शटर खाली. बाहेर एक गृहस्थ उभे होते, घड्याळं दुरुस्त करणारे. जुन्या लंबकाच्या घड्याळाची पेटी त्यांनी तुझ्याकडे पॉलिशला दिली होती म्हणे. आणखी एक पेटी घेऊन आले होते. मी कोण ते सांगितल्यावर मला सोडेचनात. म्हणाले, "तीन खेपा घातल्या, दर वेळी म्हणायची, अजून नाही झालं. पॉलिशचा बोळा फिरवते आणि बघत बसते, फिरवते आणि बघत बसते. सावकाश आहे हो तुमची मुलगी. पण लाकूड असं बाहेर काढलं की माझ्या वडिलांनी ती पेटी नवी घेतली असेल तेव्हा अशी दिसत असेल. दुसरीकडे कुठे मी देणार नाही. उघडेल ना दुकान?"

मी म्हटलं, उघडेल. कोणत्या अधिकाराने म्हटलं देव जाणे.

सावकाश. हा शब्द मी तुझ्याबद्दल कितीदा वापरलाय. त्या माणसाच्या तोंडून तो ऐकला आणि आधी मला वाटलं, हा तुझी तक्रारच करतोय. तुझं काम मी कधी नीट बघितलंही नाही. घरातल्या टेबलाला तू पॉलिश केलंस तेव्हा मी काय म्हणालो होतो, ते आठवायचा प्रयत्न केला. बहुधा वास येतोय, असंच म्हणालो असेन.

बाबा

११ एप्रिल

छकुले,

निकाल आला. जावईबापूंनी सगळा वाचून दाखवला, मी दोनदा वाचायला लावला. नमुना जुळला. सोटोस नावाचा आजार आणि त्याच जनुकातला बिघाड. संशयाला जागा नाही. स्नायूचा तुकडा काढणं रद्द. आता हृदयाची आणि मूत्रपिंडाची एकदा तपासणी, पाठीच्या कण्यावर नजर, झटके येतात का तिकडे लक्ष, आणि बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा. म्हणजे कुठे चालायचं ते कळलं. मी एकटाच घरात मोठ्याने "वा!" म्हणालो. दूध उतू गेलं. जाऊ दे.

म्हटलं, आता तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. थिनर नाही, वास नाही, जागरण नाही. पण आई म्हणते, तू दोन दिवस जेवली नाहीस. म्हणतेस, "बदल माझ्यातला आहे, म्हणजे माझ्याकडूनच आला की." आणि आता डॉक्टरीणबाईंना तुझंही रक्त हवंय, तोच नमुना तुझ्यात आहे का ते बघायला.

अगं, कसलं माझ्याकडून? पोराला नाकसुद्धा तुझंच आलंय, ते काय तू दिलंस? देणं म्हणजे हातात धरून देणं. हे तसं नाही. आणि बदल तुझ्यात आहे, तर तुझ्यात तरी कुठून आला? वरून कुठून तरी आला असणार ना? म्हणून आम्हा दोघांचंही रक्त घेतलं. डोकं माझंही मोठं, टोपीच्या दुकानात माझ्या मापाची टोपी कधी मिळाली नाही, हे मी त्या रक्त काढणाऱ्या मुलीला तीन वेळा सांगितलं. ती हसली.

खरं सांगू? तो बदल माझ्यात निघावा, असं मला वाटतंय. आमच्याकडून आलं म्हणून ताठ मानेने सांगेन सगळ्यांना, तुझ्या सासूबाईंना आधी. म्हाताऱ्याने एवढं तरी करावं.

तुझ्यात मात्र तो नमुना निघणार नाही, बघ. तू ठणठणीत आहेस.

बाबा

२० मे

छकुले,

तुला आधीच कळलंय. तरी लिहितो.

माझ्यात नाही. तुझ्या आईत नाही. तो बदल तुझ्यापासून सुरू झाला. का झाला, याला उत्तर नाही. अब्जावधी अक्षरांची नक्कल होताना एक चुकतं, कुणाच्याही हातून नव्हे, आपोआप. आणि तुझ्या रक्तातला नमुना पैलवानाच्या नमुन्यासारखाच. तुझ्यात आजार सौम्य आहे एवढंच. पण आहे. जन्मापासून आहे.

तू होकार दिलास म्हणून डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या. तुझ्या लहानपणाचं सांगा म्हणाल्या, त्यांना कागदावर हवं होतं. मी सांगत गेलो. जन्मली तेव्हाच भलीमोठी, पण दूध ओढायची नाही. तीन वर्षांची होईतो बोलली नाही. वर्गात सगळ्यांत उंच, पण पळताना पाय पायात अडकायचे. कपबशा फोडायची. अक्षर गिचमिड. सांगितलेलं लगेच कळायचं नाही, चौथ्यांदा कळायचं. मनाविरुद्ध झालं की जमिनीवर लोळण. प्रत्येक गोष्टीवर त्या नुसतं "हं" म्हणायच्या आणि लिहून घ्यायच्या. मधेच माझ्या लक्षात आलं की हे सगळं मला इतकं नीट का आठवतंय. कारण या एकेका गोष्टीसाठी मी तुला शिक्षा केलीये.

बोलत नाही, हट्टी आहे. पडते, लक्ष नाही. कळत नाही, आळशी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या मुलांसमोर तुला उभं करून पाढे म्हणायला लावायचो, लाज वाटून तरी शिकेल म्हणून. तू सहा फुटांची झालीस तरी खांदे पाडून चालायचीस. वाक काढ, वाक काढ, म्हणून पाठीवर मारायचो. विज्ञानाच्या मास्तरच्या घरात पंचवीस वर्षं एक मूल वाढलं आणि त्याला काय होतंय हे मास्तरला दिसलं नाही. इतर सगळ्यांच्या पोरांना भिंगातून बघत होतो.

खोली सोडताना मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मागे मी म्हणालो होतो ना, घरातल्याच कुणीतरी अर्धवटाने? तो मीच." त्या म्हणाल्या, "तेव्हाच कळलं होतं, काका." खाली येऊन बाकावर बसलो आणि रडलो. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

तुझ्या आईला हे पत्र वाचू दे. तिने मला तेव्हा कितीदा अडवलं होतं. मी म्हणायचो, तुझ्या लाडाने बिघडलीये.

बाबा

१७ जून

छकुले,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून दारातच उघडलं. एकच ओळ. "बाबा, हे तेव्हाच माहीत असतं, तर तुम्ही माझ्याशी कसे वागला असतात?"

आठवडाभर उत्तर लिहितोय. पहिल्यांदा लिहिलं, तुला तळहाताच्या फोडासारखं जपलं असतं. फाडलं. ते खरं नाही. तेव्हा ही तपासणीच नव्हती, असंही लिहिलं. तेही फाडलं. तू तपासणीबद्दल विचारलेलं नाहीस.

खरं उत्तर असं की कागद हातात असता, तर मी कदाचित तुझ्याशी बरा वागलो असतो. आजारी मुलाशी माणूस वागतो तसा. लोकांना कागद दाखवला असता, तुझ्याऐवजी उत्तरं दिली असती, आणि तुला वाटलं असतं बाबा किती चांगले. आणि याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. म्हणजे मला चांगलं वागायला प्रयोगशाळेतून परवानगी लागली असती. तू माझी पोर होतीस. पडत होतीस, रडत होतीस, माझ्याकडे बघत होतीस. तेवढं पुरायला हवं होतं. तुझ्या आईला पुरलं. तिने कुठे कुठला लेख वाचला होता?

क्षमा कर असं लिहीत नाही. ते मागून तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल, आणि तुला कामं घाईने जमत नाहीत. जमलं कधी तर जमलं. दुकानाचं काय ते तू ठरव. मी त्यावर आता मत देणार नाही. ये म्हणालीस तर येईन, नाही म्हणालीस तरी पत्र लिहीन.

आई परवा फोनवर म्हणाली, पैलवान अंगणात दिवसातून दहादा पडतो. आणि तू ओरडत नाहीस. धावतही नाहीस. जवळ जाऊन खाली बसतेस, तो उठेपर्यंत गप्प बसून राहतेस, आणि मग त्याच्याबरोबर उठतेस. मी विचारलं, हे तिला कुणी शिकवलं, डॉक्टरांनी? आई म्हणाली, "नाही हो. तो चालायला लागला तेव्हापासून ती असंच करते."

म्हणजे कागद यायच्या कितीतरी आधीपासून. मी आठवून आठवून बघितलं, हे तू कुठे पाहिलं असशील. आपल्या घरात तर नाही. तू पडलीस की मी जागेवरूनच ओरडायचो, बघून चाल.

तुझा,
बाबा